वेगळी चूल: न पटणारी पॅकेजं एकाच लॅपटॉपवर कशी नांदवायची

"मामा, पिप म्हणतंय ओपनसीव्ही आहे, पायथन म्हणतंय नाही. खोटं कोण बोलतंय?"

जानेवारीतली रात्र, अकरा वाजलेले, आणि भाच्याचा दिंडोरीहून फोन. तो शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट घरच्याच बागेवर घेतलाय: द्राक्षाच्या घडाचा फोटो काढायचा आणि मण्यांची साइझ मोजायची. सोळा एमएमचा माल किती आणि अठराच्या वरचा किती, हे काढणीआधी कळलं तर दाजींना व्यापाऱ्याशी बोलताना बरं पडेल, असा हिशेब. मी सातपूरला कॅमेऱ्याच्या तपासणी यंत्रांवर काम करतो, त्यामुळे असले फोन माझ्याकडेच येतात.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं (तयार कोडचे गठ्ठे) आणून बसवणारा प्रोग्रॅम, आपल्या वहीत बघून सांगत होता, पायथन प्रत्यक्ष फोल्डरमध्ये बघून सांगत होतं. वहीत नोंद होती, फोल्डरमधल्या फायली मात्र गेल्या होत्या. हे कसं होतं, दुरुस्त कसं करायचं, आणि एकाच पॅकेजचे दोन अवतार शेजारी-शेजारी खरंच लागत असतील तर काय करायचं, हे त्या रात्री फोनवर सांगितलं होतं तसंच इथे लिहितोय. म्हणून कमांडही फोनवर सांगाव्यात तशा देवनागरीत आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायच्या. आडवी रेघ दिसेल तिथे डॅश.

आधी भांडण कशावरून आहे ते बघा

दोन पॅकेजं "कॉन्फ्लिक्ट" होतात म्हणजे नेमकं काय होतं? शेतातल्या भांडणासारखंच आहे, बहुतेक वेळा बांधावरून असतं. दोघांना एकाच ठिकाणी फाइल ठेवायची असते, किंवा एकच कमांडचं नाव हवं असतं, किंवा एकाच पोर्टवर (लॅपटॉपवर प्रोग्रॅमशी बोलायच्या नंबराच्या दारावर) बसायचं असतं, किंवा तिसऱ्याच एखाद्या लायब्ररीची वेगवेगळी आवृत्ती हवी असते. यातलं कुठलं ते कळलं की उपाय आपोआप ठरतो. ते न बघता नेटवरून मिळेल ती कमांड चिकटवत गेलात तर रात्रीचे अकरा वाजतात.

ओपनसीव्ही म्हणजे फोटोवर काम करणारी लायब्ररी. तिचं भांडण पहिल्या प्रकारचं. पिपवर त्याची चार पॅकेजं आहेत: ओपनसीव्ही-पायथन, ओपनसीव्ही-कॉन्ट्रिब-पायथन, आणि या दोघांच्या शेपटीला हेडलेस लावलेली आणखी दोन. कॉन्ट्रिबमध्ये मूळचं सगळं असतं, वर जादा मॉड्यूल असतात. हेडलेस म्हणजे स्क्रीनवर खिडकी उघडण्याचा भाग काढून टाकलेलं, सर्व्हरसाठी. नावं चार असली तरी चौघंही आपलं सामान सीव्ही२ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये टाकतात. म्हणून चौघांपैकी एका वातावरणात, म्हणजे एका पायथनच्या पॅकेजांच्या फोल्डरात, एकच टाका, असं ते बनवणारेच सांगतात.

मग पिप अडवत का नाही? कारण अमुक पॅकेज असताना तमुक नको, असं पिपला सांगायची सोयच नाही. उबंटू-डेबियन या लिनक्सच्या पॅकेजांत "कॉन्फ्लिक्ट्स" नावाचा रकाना असतो. शिवाय एका पॅकेजची फाइल दुसरं पॅकेज पुसायला गेलं की ती पॅकेजं बसवणारा डीपीकेजी तिथेच थांबतो आणि ही फाइल अमक्याची आहे म्हणून नावासकट सांगतो. पिप मुकाट्यानं वर लिहितो. "पिप चेक" चालवलंत तरी सगळं ठीक असल्याचंच उत्तर येतं, कारण तो फक्त कुणाला कोण लागतं ते तपासतो, कुणी कुणाला तुडवलं ते तपासत नाही.

भाच्याचं काय झालं ते आता ओळीनं बघा. मोजणीचा कोड त्याला सीनियरकडून मिळालेला. त्यात घडाशेजारी एक काळ्या-पांढऱ्या चौकटींचं कार्ड धरायचं असतं, त्याला अरुको मार्कर म्हणतात. कार्ड तीस एमएमचं आणि फोटोत ते तीनशे पिक्सेल भरलं, तर एक एमएम म्हणजे दहा पिक्सेल. मग एकशेऐंशी पिक्सेलचा मणी अठरा एमएमचा. कार्ड घडापासून मागे-पुढे झालं की हिशेब चुकतो, पण ते असो. कोड जुना, कॉन्ट्रिबच्या ४.६ आवृत्तीवर लिहिलेला. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.७ पासून अरुको मूळ पॅकेजात गेलं आणि काही फंक्शनांची नावं-पद्धत बदलली. म्हणून त्याला जुनंच कॉन्ट्रिब हवं होतं, आणि ते चाललंही होतं.

मग मण्या-मण्यांना ओळखणारं मॉडेल शिकवायला त्यानं अल्ब्युमेंटेशन्स टाकलं. फोटो फिरवून, उजेड कमी-जास्त करून सरावाचे नमुने वाढवणारी ही लायब्ररी. ती येताना स्वतःबरोबर ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस घेऊन येते. तसं ती सांगतेही, पण शंभर ओळी सरकत असताना ती एक ओळ कोण वाचतो? हेडलेसनं कॉन्ट्रिबच्या फायलींवर आपल्या फायली ठेवल्या. पहिला झटका: खिडकी उघडेना, "फंक्शन इम्प्लिमेंट केलेलं नाही" असा निरोप. दुसरा: जुन्या कोडला लागणारं डिक्शनरी_गेट हे फंक्शन अरुकोत नाही. त्यानं ओळखलं की हेडलेसचा घोळ आहे आणि हेडलेस अनइन्स्टॉल केलं. इथे खरी माती झाली. अनइन्स्टॉल करताना पिप आपल्या यादीतल्या फायली काढतो, आणि त्या नावाच्या फायली आता दोघांच्या सामाईक होत्या. त्या गेल्या. सीव्ही२ फोल्डर मात्र राहिलं, कारण त्यात कॉन्ट्रिबचं क्यूटी नावाचं उपफोल्डर फॉन्टांसकट उरलेलं. फोल्डर आहे म्हणून "इम्पोर्ट सीव्ही२" बिनतक्रार चालतं, आणि पुढच्याच ओळीला निरोप येतो: सीव्ही२ मध्ये इमरीड (फोटो वाचणारं फंक्शन) नावाचं काही नाही. पुन्हा कॉन्ट्रिब टाकायला जावं तर पिप म्हणणार, आहे की आधीपासून.

हा निरोप दिसला तर बाकी काही शोधू नका. दहातल्या आठ वेळा हेच झालेलं असतं.

पहिलं काम: जागा साफ करा

आधी काय-काय आहे ते बघा:

पायथन३ -एम पिप लिस्ट

यादीत "ओपनसीव्ही"नं सुरू होणाऱ्या ओळी मोजा. एकाहून जास्त असतील तर निदान झालं. नुसतं "पिप" न म्हणता "पायथन३ -एम पिप" म्हणायची सवय लावून घ्या. लॅपटॉपवर दोन-तीन पायथन असतात, आणि नुसता पिप कुठल्या पायथनचा आहे हे सांगता येत नाही. विंडोजवर पायथन३ऐवजी "पाय" एवढंच, म्हणजे पी आणि वाय.

मग चौघांनाही एका दमात काढा:

पायथन३ -एम पिप अनइन्स्टॉल ओपनसीव्ही-पायथन ओपनसीव्ही-कॉन्ट्रिब-पायथन ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस ओपनसीव्ही-कॉन्ट्रिब-पायथन-हेडलेस

जे नसेल त्याबद्दल इशारा येईल, येऊ द्या. यानंतर साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये जाऊन सीव्ही२ उरलंय का बघा. पॅकेजांचा पत्ता "पायथन३ -एम साइट" या कमांडनं मिळतो. उरलं असेल तर ते फोल्डर हातानं काढा. ही पायरी लोक गाळतात आणि मग भूत परत येतं.

आता थांबून एक प्रश्न स्वतःला विचारा: दोन अवतार खरंच लागतात का? "मला मूळ पण हवं आणि कॉन्ट्रिब पण हवं" असं म्हणणारे मला नेहमी भेटतात. कॉन्ट्रिबमध्ये मूळ आहेच, एकटं कॉन्ट्रिब टाका आणि झोपा. भाच्याला मात्र खरंच दोन लागत होते: मोजणीला जुनं, खिडकी उघडणारं कॉन्ट्रिब, आणि सरावाला नवं हेडलेस. अशा वेळी एकाच घरात तडजोड करत बसू नये. वेगळी चूल मांडावी.

चूल मांडणे

पायथनमध्ये या वेगळ्या चुलीला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात, बोलताना व्हेन्व्ह. टंकताना व्ही, ई, एन, व्ही. २०१२ मधल्या ३.३ आवृत्तीपासून ते पायथनमध्येच आहे, मात्र उबंटूवर ते वेगळं टाकावं लागतं:

सुडो ऍप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह

हे राहिलं तर पुढची कमांड "एन्शुअरपिप उपलब्ध नाही" म्हणून रडते. घाबरू नका, वरची ओळ चालवा आणि अर्धवट झालेलं फोल्डर काढून परत करा.

पायथन३ -एम व्हेन्व्ह मोजणी
पायथन३ -एम व्हेन्व्ह सराव

झाल्या दोन चुली. "मोजणी" आणि "सराव" ही साधी फोल्डरं आहेत. प्रत्येकात पायथनची सोय आणि स्वतःचं साइट-पॅकेजेस असतं. नावात स्पेस देऊ नका. आणि नावं कामावरून द्या. "टेस्ट१", "टेस्ट२", "फायनल", "फायनल-नवीन" अशा चुली मी बघितल्यात, महिन्यानं मांडणाऱ्यालाही सांगता येत नाही कुठे काय शिजतंय.

आत शिरायला लिनक्सवर:

सोर्स मोजणी/बिन/ऍक्टिव्हेट

विंडोजवर मोजणी, मग उलटी तिरकी रेघ, स्क्रिप्ट्स, परत उलटी रेघ, ऍक्टिव्हेट. पॉवरशेल कधी-कधी स्क्रिप्ट चालवायला नकार देतो. अशा वेळी नवख्यानं सरळ जुन्या सीएमडी खिडकीत जावं, ते सोपं. ओळीच्या सुरुवातीला कंसात मोजणी दिसलं की आत आलात. आत असताना विंडोज असो की लिनक्स, नुसतं "पायथन" म्हटलं तरी या चुलीचाच पायथन मिळतो. बाहेर यायला "डीऍक्टिव्हेट".

ऍक्टिव्हेटमध्ये जादू काही नाही. पायथन शोधताना आधी या फोल्डरमध्ये बघ, एवढंच ते शेलला, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगतं. म्हणून आत न शिरताही "मोजणी/बिन/पायथन माप.पीवाय" असा पूर्ण पत्ता देऊन काम चालतं. क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) किंवा दुसऱ्या स्क्रिप्टमधून चालवायचं असेल तर मी नेहमी असाच पत्ता देतो.

मोजणीच्या चुलीत:

पायथन -एम पिप इन्स्टॉल ओपनसीव्ही-कॉन्ट्रिब-पायथन==४.६.०.६६ "नमपाय<२"

ही अवतरणचिन्हं शोभेची नाहीत. "पेक्षा लहान"ची खूण शेलच्या भाषेत "या फाइलमधून वाच" अशी असते. चिन्हं वगळलीत तर शेल २ नावाची फाइल शोधत बसेल आणि अशी फाइल नाही म्हणून तक्रार करेल. नमपाय ही ओपनसीव्हीला लागणारी आकडेमोडीची लायब्ररी. तिला अडवायचं कशासाठी, तर नमपाय २ जून २०२४ मध्ये आलं, आणि ४.६ त्याच्या फार आधी, नमपाय १ धरून बांधलेलं. नवं नमपाय आलं की इम्पोर्टलाच आपटतं. आणखी एक खोच: नमपायची १.२६ ही १ च्या घरातली शेवटची मालिका पायथन ३.१२ पर्यंतच तयार मिळते. लॅपटॉपवर त्याहून नवा पायथन असेल तर पिप नमपाय स्वतः बांधायला घेतो, पंखा गरगरतो आणि पानंच्या पानं एरर येतात. अशा वेळी चूलच जुन्या पायथनवर मांडा. विंडोजवर ३.११ टाकलेला असेल तर "पाय -३.११ -एम व्हेन्व्ह मोजणी". भाच्याच्या उबंटू २२.०४ वर ३.१० होता, त्याला हा त्रास झाला नाही.

मग मोजणीतून बाहेर पडून सरावाच्या चुलीत शिरा आणि:

पायथन -एम पिप इन्स्टॉल अल्ब्युमेंटेशन्स

हेडलेस ते स्वतःच आणेल. इथे आणलं तरी मोजणीच्या ताटाला हात लागत नाही.

उबंटू २३.०४ किंवा डेबियन १२ पासून पुढचं काही वापरत असाल, तर चुलीबाहेर पिप चालवताच "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" म्हणून नकार येईल. नेटवर उत्तर मिळतं: ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा पर्याय लावा. त्या पर्यायाचं नावच एकदा मराठीत म्हणून बघा आणि मग ठरवा.

खात्री करा

प्रत्येक चुलीत शिरून पायथन उघडा, सीव्ही२ इम्पोर्ट करा आणि तीन गोष्टी छापा: सीव्ही२ची आवृत्ती, सीव्ही२ची फाइल कुठली, आणि गेटबिल्डइन्फर्मेशन. शेवटचं लांबलचक येतं, त्यात जीयूआय ही ओळ शोधा. हेडलेसमध्ये तिथे "नन" असतं. फाइलच्या पत्त्यात मोजणी किंवा सराव हा शब्द दिसलाच पाहिजे. दिसला नाही तर तुम्ही बाहेरच उभे आहात.

व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये हाच घोटाळा होतो. खालच्या टर्मिनलमध्ये तुम्ही मोजणीत असता आणि वरचं "रन" बटण भलत्याच पायथनला हाक मारतं. पायथनची फाइल उघडी असताना खाली उजव्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा दिसतो, त्यावर क्लिक करून चूल निवडा. ज्युपिटर नोटबुक (ब्राउझरमध्ये कोड चालवायची सोय) वापरत असाल तर प्रत्येक चुलीत आयपायकर्नल टाकून तिची नावासकट नोंद करावी लागते, मग नोटबुकच्या मेनूत दोन्ही नावं येतात.

भाच्याचा पुढचा प्रश्न: "पण मामा, मला एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही हवेत." नाही मिळणार. एका चालत्या पायथनमध्ये सीव्ही२ एकच. पण तशी गरजही नव्हती. सरावाच्या चुलीतला प्रोग्रॅम मणी कुठे आहेत ते सीएसव्ही फाइलमध्ये लिहितो, मोजणीतला ती वाचून एमएम काढतो. दोन चुलींमध्ये वाटीनं भाजी द्यावी तसं.

दोन गोष्टी टाळा. चुलीचं फोल्डर हलवू नका, नाव बदलू नका: आत जुने पूर्ण पत्ते कोरलेले असतात. आणि ते पेन ड्राइव्हवर टाकून मित्राला देऊ नका. त्याऐवजी "पायथन -एम पिप फ्रीझ"नं यादी काढून रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये ठेवा आणि ती द्या. तो आपल्या लॅपटॉपवर "पिप इन्स्टॉल -आर" करून चूल मांडेल. सामान उचलून द्यायचं नसतं, यादी द्यायची असते.

पायथनच्या बाहेर

डेटाबेसचं भांडण वेगळं. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी हे दोन डेटाबेस, दोन्हींची नावं ते बनवणाऱ्या मायकेल विडेनियसच्या मुलींवरून: थोरलीचं नाव "मी" (लिहिताना एम, वाय), धाकटी मारिया. २००९ मध्ये मायएसक्यूएलमधून मारियाडीबी वेगळं निघालं. दोघी बहिणी, पण उबंटूच्या ऍप्टमधून (पॅकेजं आणून बसवणाऱ्या कमांडमधून) एका घरात नांदत नाहीत. पोर्ट तेच, ३३०६. डेटाचं फोल्डर तेच. कमांडची नावंही जवळजवळ तीच.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या मशीनवर मी मारियाडीबी टाकायला गेलो. मायएसक्यूएल आधीच चालू होतं. ऍप्टनं हो-नाही विचारलं, मी वाय दाबून एंटर मारला. त्याच्या चार ओळी वर स्वच्छ लिहिलेलं होतं की मायएसक्यूएल काढलं जाईल. लाइन अर्धा तास बंद, आणि सुपरवायझर शेजारी हाताची घडी घालून उभा. तेव्हापासून आधी "ऍप्ट-गेट -एस इन्स्टॉल" चालवतो. एस म्हणजे नुसतं सोंग: काय होईल ते दाखवतो, करत काहीच नाही. त्यात "रिमूव्ह्ड" शब्द दिसला की हात कीबोर्डवरून काढायचा.

दोन्ही हवेच असतील तर एकाला डॉकरमध्ये बसवा. डॉकर प्रोग्रॅमला कंटेनर नावाच्या बंद डब्यात, बाकीच्यांपासून वेगळा चालवतो:

डॉकर रन -डी --नेम मारिया -पी ३३०७:३३०६ -व्ही मारियाडेटा:/व्हार/लिब/मायएसक्यूएल -ई मारियाडीबी_रूट_पासवर्ड=तुमचा-पासवर्ड मारियाडीबी:१०.११

बाहेरचं पोर्ट ३३०७, आतलं ३३०६. पासवर्डच्या चलाचं नाव सगळं मोठ्या लिपीत. मधला व्ही असलेला भाग गाळू नका, डेटा कंटेनरपासून वेगळा ठेवायची सोय तीच आहे. आणि जोडताना होस्ट म्हणून "लोकलहोस्ट" लिहू नका, १२७.०.०.१ लिहा. लिनक्सवर लोकलहोस्ट दिसलं की मायएसक्यूएलचा क्लायंट (डेटाबेसशी बोलायचा प्रोग्रॅम) पोर्टकडे न बघता थेट सॉकेटवर, म्हणजे लॅपटॉपवरच्या मायएसक्यूएलच्या खास फाइलवर, जातो. तुम्ही ३३०७ सांगितलेलं असतं आणि बोलत असता थोरल्या बहिणीशी. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

पोस्टग्रेस या तिसऱ्या डेटाबेसला यातलं काही लागत नाही. डेबियन-उबंटूवर त्याच्या आवृत्त्या मुळातच वेगवेगळ्या फोल्डरांत बसतात, पहिलीला ५४३२ पोर्ट मिळतं, पुढचीला साधारण ५४३३. "पीजी_एलएसक्लस्टर्स" म्हटलं की सगळ्यांची हजेरी लागते. जावाचंही तसंच: कितीही आवृत्त्या टाका, नुसतं "जावा" म्हटल्यावर कुणी ओ द्यायची ते "अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग जावा"नं ठरवायचं.

राहिला जागेचा प्रश्न. प्रत्येक ओपनसीव्हीच्या चुलीमागे दोनशे-तीनशे एमबी धरा, मॉडेल शिकवायच्या लायब्रऱ्या टाकल्या तर जीबीत जातं. डाउनलोड मात्र सहसा एकदाच होतं, त्याच आवृत्तीची फाइल पिप दुसऱ्या वेळी आपल्या साठ्यातून घेतो. दिंडोरीला मोबाइलच्या नेटवर बसलेल्या माणसाला हे महत्त्वाचं. चूल नकोशी झाली, की आधी रिक्वायरमेंट्स फाइल बाजूला ठेवा आणि फोल्डर सरळ डिलीट करा. अनइन्स्टॉल वगैरे काही करायचं नसतं.